घरी कार्बन डायऑक्साइडचं पादस्नान: गोळ्या, सोडा-निंबूसत, सोड्याच्या बाटल्या की सिलिंडर?

पाय बुडवून बसायला घरी कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी तयार करायच्या चार वाटा आहेत. ऑनलाइन मिळणाऱ्या फसफसत्या गोळ्या, किराणा दुकानातला खाण्याचा सोडा आणि निंबूसत, थंड सोड्याच्या बाटल्या, आणि वायूचं सिलिंडर. खेड्यातल्या घरासाठी आमच्या मते पहिला नंबर सोड्याच्या बाटल्यांचा. रोजच्या खर्चाचा विचार केला तर सोडा-निंबूसत बरं. गोळ्या पैशाच्या मानानं फार कमी देतात. सिलिंडर घरी आणूच नये.

चारही वाटांना कसोटी एकच लावली आहे: पाय बुडवताना दर लिटर पाण्यात किती वायू विरघळलेला उरतो. किती फसफसलं, किती फेस आला, याला इथे गुण नाहीत. फेस म्हणजे पाणी सोडून निघून गेलेला वायू. जाहिरातीतल्या व्हिडिओत जे उकळल्यासारखं पाणी दाखवतात, तो नेमका वाया गेलेला माल असतो.

जपानच्या नियमाप्रमाणे एक किलो पाण्यात १००० मिलीग्रॅम मोकळा कार्बन डायऑक्साइड असेल, तर त्या झऱ्याला उपचाराच्या दर्जाचा कार्बोनेटेड झरा म्हणतात. तिथलं नागायू, जर्मनीतलं बाड नाउहाइम, फ्रान्समधलं र्वाया ही गावं अशाच पाण्यामुळे नावाजली. (आपल्याकडे यवतमाळच्या सीमेलगतचे उनकेश्वरचे गरम झरे गंधकाचे आहेत, ते प्रकरण वेगळं.) हा वायू कातडीतून आत जातो आणि जिथे पाणी लागतं तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतो. त्या जागी रक्त जास्त खेळतं. शिवाय गरमपणा जाणवणाऱ्या नसांवरही त्याचा परिणाम होतो. त्यामुळे ३५ अंशांचं पाणी साध्या पाण्यापेक्षा ऊनऊन लागतं.

एवढं पक्कं आहे. पाय हलके वाटतात, ऊब वाटते, झोपेआधी बरं वाटतं. यापुढे जाऊन ‘गुडघ्याची झीज भरते’, ‘शुगर उतरते’, ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ असं पाकिटावर लिहिलेलं दिसलं, तर ते पाकीट खाली ठेवावं. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटर मारणाऱ्या पोरांना आणि दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायांना आधी झोप, पाणी आणि जेवण लागतं. हे त्यानंतरचं.

आता हिशेब. ३५ अंशांच्या पाण्यात, उघड्या भांड्यात, शुद्ध वायू सोडला तरी लिटरला १.१ ग्रॅमच्या आसपासच मावतो. ४० अंशांना तो १ ग्रॅमच्याही थोडा खाली येतो. म्हणजे १००० मिलीग्रॅम हा आकडा जवळजवळ काठोकाठ भरलेल्या पाण्याचा आहे. पाणी कढत केलं की वायू टिकत नाही, हा निसर्गनियमच आहे. म्हणून तापमान ३४ ते ३६ अंश धरायचं. त्यासाठी वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही. ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर याच पट्ट्यात चालतं. फॅरनहाइटचं असेल तर ९३ ते ९७ दिसलं पाहिजे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी छतावरच्या काळ्या टाकीचं पाणी यापेक्षा कितीतरी गरम येतं, तेव्हा पहाटे भरून ठेवलेलं पाणी वापरावं.

पूर्ण अंगाच्या टबाऐवजी पायांपुरतं स्नान का, याचं कारण पुढे धोक्यांच्या भागात येईल. मापासाठी इथे १२ लिटर पाणी धरलं आहे: दोन्ही पाय मावतील आणि पाणी अर्ध्या पोटरीवर येईल असा उभट, चौकोनी प्लास्टिकचा टब. भांडं पसरट नको. पाण्याचा पृष्ठभाग जितका मोठा, तितका वायू लवकर उडतो. भांड्याबाबत तीन गोष्टी कटाक्षानं टाळाव्यात. घरातलं तांब्या-पितळेचं घंगाळ मोह घालतं, पण निंबूसत तांबं खातं आणि पाणी हिरवट होतं. सिमेंटच्या टाक्यालाही ॲसिड लागतं, शिवाय सिमेंटच ॲसिड गिळून टाकतं. आणि फवारणीच्या औषधाचा रिकामा ड्रम किंवा कॅन कितीही घासला तरी त्यात पाय घालायचा नाही.

गोळ्यांपासून सुरुवात करू. जपानमध्ये काओ कंपनीनं १९८३ मध्ये अशी वडी बाजारात आणली आणि आजच्या बहुतेक गोळ्या त्याच कल्पनेच्या आहेत. ४० ग्रॅमच्या गोळीत अर्धा खाण्याचा सोडा धरला, तर तीतून सगळा मिळून १० ग्रॅमच्या जरा वर वायू निघतो. १५० लिटरच्या टबात तो लिटरला ७० मिलीग्रॅम होतो. १००० च्या शेजारी ७०. तीच गोळी १२ लिटरमध्ये टाकली तर कागदावर ८०० च्या पुढे जाते. पण ती दोन-तीन मिनिटांत भसाभस फुटते आणि निम्म्याहून जास्त वायू वरच्या वर जातो. ‘बाथ बॉम्ब’ नावाचे रंगीत गोळे तर याहून हलके. त्यांत मक्याचं पीठ, तेल, अत्तर, चमकी असं बरंच भरलेलं असतं. त्यांनी भेगाळलेल्या टाचेची आग होते आणि टब चिकट होतो. विकत घ्यायचंच असेल तर पाकिटावर सोडियम बायकार्बोनेटचं (म्हणजे खाण्याच्या सोड्याचं) वजन लिहिलेलं आहे का ते पाहावं. त्या वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त वायू निघतो, आणि किमतीला त्या आकड्यानं भागलं की खरा भाव कळतो. ज्या पाकिटावर वजनच नाही, त्याचा भाव काढता येत नाही. म्हणून ते घेऊ नये. पोटात जळजळ झाली की घेतात त्या ५ ग्रॅमच्या फसफसत्या पुडीतून फार तर सव्वा ग्रॅम वायू मिळतो. ती यासाठी फोडत बसण्यात अर्थ नाही.

सोडा आणि निंबूसत ही स्वस्त वाट, पण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. सोडा म्हणजे खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा नव्हे, पापडखारही नव्हे. तिन्ही पांढरे, तिन्ही सुट्या पुडीत मिळतात, आणि दुकानात ‘सोडा द्या’ म्हटलं की काय हातात येईल याचा नेम नसतो. धुण्याचा सोडा तिखट अल्कली आहे, कातडी सोलून काढतो. म्हणून छापील पाकिटातलाच घ्यावा. निंबूसत म्हणजे सायट्रिक ॲसिड, साखरेसारखे खडे.

प्रमाणाबद्दल सगळीकडे चार भाग सोडा, तीन भाग ॲसिड असं लिहिलेलं सापडतं. रसायनाच्या समीकरणात ते बरोबर आहे: २५२ ग्रॅम सोड्याला १९२ ग्रॅम ॲसिड, वायू १३२ ग्रॅम. पण पाण्यात ते पूर्ण उतरत नाही. सायट्रिक ॲसिडचा तिसरा हिस्सा इतका सौम्य असतो की सोडा पूर्ण फोडायला त्याचा जोर पुरत नाही. मग बराचसा वायू बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यातच अडकून राहतो. तो कातडीतून जात नाही. म्हणून दोन्ही सारख्या वजनाचे घ्यावेत. १२ लिटरला ५० ग्रॅम सोडा आणि ५० ग्रॅम निंबूसत. यातून २६ ग्रॅमच्या आसपास वायू निघतो. निम्मा उडाला तरी लिटरला १ ग्रॅम उरतो.

विदर्भातल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यासाठी आणखी एक दुरुस्ती करावी लागते. जड पाण्यात मुळातच बायकार्बोनेट भरलेलं असतं, ते घातलेलं ॲसिड आधी खातं. भांड्याला पांढरा थर धरतो, डाळ शिजत नाही, असं पाणी असेल तर १२ लिटरला १० ग्रॅम निंबूसत जास्त घालावं. हे ॲसिड फुकट जात नाही, पाण्यातलं बायकार्बोनेट फोडून तेही वायूच देतं. जड पाण्याला लोक नावं ठेवतात, पण या कामात ते उलट हात देतं. पाण्याचा अंदाज नसेल तर पीएच कागदाची, म्हणजे पाणी किती आंबट ते रंगावरून दाखवणारी, पट्टी बुडवावी. साडेपाच ते सहा आलं की बेत जमला. सात आलं तर वायू अडकलेला आहे, ५-५ ग्रॅम निंबूसत वाढवत जावं. पाचाच्या खाली गेलं तर ॲसिड जास्त झालं, पायांना झोंबेल.

कृती अशी. गरम पाणी ओतून ३६ अंशांवर आणा. पाणी रॉडनं तापवलं असेल तर स्विच बंद करून, प्लग काढून, रॉड बाहेर ठेवल्यावरच पुढचं काम. सोडा पाण्यात हातानं हलकेच ढवळून पूर्ण विरघळवा. निंबूसत तसंच भुरभुरायचं नाही. जुन्या धोतराच्या किंवा ओढणीच्या दुहेरी कापडात त्याची घट्ट पुरचुंडी बांधा, आत सुपारीएवढा स्वच्छ दगड ठेवा आणि ती अलगद तळाशी सोडा. वर परात झाका. पुरचुंडीतून खडे हळूहळू विरघळतात, तळातून मोहरीपेक्षाही बारीक बुडबुड्यांची दोरी वर चढते आणि वाटेतच बरीचशी पाण्यात जिरते. चार-पाच मिनिटांनी परात काढा, पुरचुंडी दाबून पाहा. खडे लागत नसतील तर बाहेर काढा. न विरघळलेला खडा टाचेच्या भेगेत गेला की जीव कळवळतो. मग पाय ठेवा आणि हलवू नका. पाणी घुसळलं की वायू सुटतो.

खडे बारीक करून पूड टाकली, पाणी कढत ठेवलं, वरून ओतत राहिलं, की सगळं दोन मिनिटांत उडून जातं आणि उरतं ते नुसतं मिठाचं कोमट पाणी. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन्ही पावडरी एकत्र करून डब्यात भरून ठेवणं. मृगानंतरच्या हवेत मिश्रण सादळतं, आतल्या आत फुटतं आणि आठ दिवसांत निर्जीव होतं. डबे वेगळे ठेवा. आणि सोडा-निंबूसत-पाणी बाटलीत घालून झाकण कधीही लावू नका. ‘गार पाण्यात दाबून बनवलं तर वायू जास्त धरतो’ हे खरं असलं, तरी बाटली फुटली तर काच किंवा प्लास्टिक थेट डोळ्यांत जातं.

दाबाखाली थंड पाण्यात वायू भरायचं ते काम सोडा बनवणाऱ्या कारखान्यानं आधीच करून ठेवलेलं असतं. म्हणूनच तिसरी वाट आम्हाला सगळ्यात पटते. बाजारातल्या साध्या, गोडवा नसलेल्या सोड्यात लिटरला ७ ग्रॅमच्या जवळपास वायू असतो. ७५० मिलीलिटरच्या चार बाटल्या, म्हणजे ३ लिटर, फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पाण्यात १० अंशांपर्यंत गार करा. टबात ९ लिटर पाणी ४५ अंशांचं घ्या. हे तापमान त्या थर्मामीटरच्या मापाबाहेरचं असल्यानं अंदाज असा: हात घातल्यावर दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटतो. आता बाटलीचं झाकण हळू सोडून, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली नेऊन, टबाच्या बाजूनं सोडा आत सोडा. वरून धार धरली तर अर्धा वायू धारेतच जातो. चारही बाटल्या गेल्या की पाणी आपोआप ३६ अंशांवर येतं आणि लिटरला पावणेदोन ग्रॅमनं सुरुवात होते. जादाचा वायू पहिल्या दोन मिनिटांत निघून जातो, काठोकाठचा एक ग्रॅम मागे राहतो. पाय ठेवण्याआधी थर्मामीटर पुन्हा लावा.

यात ॲसिडचे खडे नाहीत, वजनकाटा नाही, पीएचची पट्टी नाही. चार बाटल्यांतला सगळा वायू २१ ग्रॅम, म्हणजे हवेत साधारण १२ लिटर. यापेक्षा जास्त होणारच नाही, ही या वाटेची सगळ्यात मोठी जमेची बाजू. उणी बाजू खर्चाची: रोज चार बाटल्या म्हणजे महिन्याच्या किराण्यात जाणवणारी रक्कम. तालुक्याच्या गावी गोटी सोड्याचा कारखाना असेल तर तिथून भरून आणलेला सोडा स्वस्त पडतो, फक्त मीठ-मसाल्याचा नको. घरी आणेपर्यंत उन्हात तापला तर मात्र उघडताच उसळून बाहेर येतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावा.

सिलिंडरबद्दल विचारणारे बरेच असतात, कारण एकदा भरलं की शेकडो वेळा पुरतं असा हिशेब सांगितला जातो. हिशेब खोटा नाही. पण कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि ३१ अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही. विदर्भात मे महिन्यात सावलीतही ४५ अंश होतात. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या सिलिंडरमधला दाब २० अंशांच्या ५७ बारवरून (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. चाचणीची तारीख उलटलेलं, कुठूनतरी आणलेलं सिलिंडर घरात ठेवणं हा जुगार आहे. देशभरातल्या अशा सिलिंडरांचे नियम पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे आणि गॅस सिलिंडर नियम, २०१६ तिच्याच अखत्यारीत येतात. आग विझवायचं कार्बन डायऑक्साइडचं यंत्र तर या कामाला अजिबात नाही, त्यातून उणे ७८ अंशांचा बर्फ उडतो.

सिलिंडरला जोडायची पोकळ धाग्यांच्या गाळणीची यंत्रं मोठ्या शहरांतल्या स्पामध्ये असतात. ती १००० मिलीग्रॅम खरोखर देतात. पण त्यांना पाण्याचा एक-दोन बारचा दाब लागतो. घराच्या छतावरची टाकी नळापासून ३-४ मीटर उंच, म्हणजे दाब ०.३ ते ०.४ बार. वर पंप लावावा लागतो, पंपाला वीज लागते, आणि जड पाण्यानं धागे क्षारानं बुजतात. कमरेखाली प्लास्टिकची पिशवी बांधून तिच्यात कोरडा वायू भरायचा प्रकारही विकला जातो. गाठ सैल झाली की शुद्ध वायू थेट नाकाकडे येतो. याला आमचे शून्य गुण.

आता धोका. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे. जुन्या विहिरीत, गोबरगॅसच्या खड्ड्यात माणसं का बेशुद्ध पडतात ते खेड्यात सगळ्यांना माहीत आहे. १५० लिटरच्या टबाला ६०० ग्रॅम सोडा लागला, तर त्यातून पावणेदोनशे लिटरच्या वर वायू निघतो. ४ बाय ५ फुटांच्या, ७ फूट उंच बंद न्हाणीत तो सगळा सुटला तर हवेतलं प्रमाण ४ टक्क्यांच्या पुढे जातं. ४ टक्के ही अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेनं तातडीनं जीवाला धोकादायक ठरवलेली पातळी. अर्धा वायू पाण्यात राहिला तरी उरलेला खालीच साचतो, आणि टबात पडलेल्या माणसाचं तोंड नेमकं तिथे असतं. म्हणून पूर्ण अंगाचं स्नान घरी नाही. पादस्नानही ओसरीत किंवा अंगणात, खुर्चीवर ताठ बसून. छप्पर नसलेली जुनी न्हाणी या कामाला चांगली. थंडीत दार लावून, शेजारी शेगडी पेटवून किंवा गॅस गिझर चालू ठेवून तर कधीच नाही. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात तशी इथे दिवा लावून परीक्षा करू नका. दिवा विझण्याच्या कितीतरी आधी डोकं जड होतं आणि श्वास भरभर चालू लागतो. तसं झालं की ताबडतोब उठून मोकळ्यावर जावं. लहान मूल किंवा कुत्रं टबाजवळ खाली झोपलेलं नसावं.

पाण्यात वायू खरंच आहे का, हे दोन मिनिटांत तपासता येतं. एक लिटरची बाटली पाऊण भरून टबातलं पाणी अलगद घ्या, तोंडावर साधा फुगा चढवा आणि अर्धा मिनिट जोरात हलवा. पाणी जमलं असेल तर फुगा ताठ उभा राहतो. टबभर पाण्यात एकच गोळी विरघळवलेल्या पाण्यावर तो तसाच लोळत पडतो. पाय सांगतात तेही पाहावं. मिनिटभरात पोटरीच्या केसाकेसावर दवासारखे चंदेरी थेंब बसतात, बोटानं पुसले की परत येतात. आठ-दहा मिनिटांनी पाय वर काढला की पाण्याची रेघ होती तिथपर्यंत कातडी तांबूस, वर नेहमीची. सावळ्या रंगावर तांबूसपणा कमी दिसतो, मग तळहात लावून पाहावा, रेघेच्या खालचा भाग स्पष्ट ऊन लागतो. थेंबच बसले नाहीत तर वेळ वाढवून उपयोग नाही, प्रमाण चुकलेलं आहे.

वेळ १० ते १५ मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. उठताना सावकाश, कारण रक्तदाब थोडा उतरतो आणि ओल्या फरशीवर चक्कर म्हणजे मोडलेलं मनगट. पाय टिपून कोरडे करायचे, घासायचे नाहीत.

हृदय कमजोर असलेले, रक्तदाब ताब्यात नसलेले, चुलीच्या धुरानं दम लागणाऱ्या बाया, गरोदर स्त्रिया, ताप किंवा पायाला उघडी जखम असलेले यांनी हे करू नये. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर पाणी किती गरम आहे हेच कळत नाही, भाजल्याचं दुसऱ्या दिवशी फोडावरून कळतं. त्यांनीही नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. पाय दुखले म्हणून त्यांनी हा प्रयोग परस्पर करू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. चालताना पोटरीत गोळा येऊन थांबावं लागत असेल तर ती पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. त्यासाठी तपासणी हवी, टब नव्हे.

वापरलेलं पाणी कुठे टाकायचं हेही ठरवून घ्या. बाटल्यांच्या सोड्याचं असेल आणि सोड्यात मीठ नसेल तर तुळशीला घातलं तरी चालतं. सोडा-निंबूसताच्या पाण्यात मात्र सोडियम राहतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात जमिनीत आधीच ते जास्त आहे, माती चिकट होऊन पाणी मुरत नाही. हे पाणी परसातल्या वाफ्यात न घालता नालीत सोडा. टब साध्या पाण्यानं विसळून उन्हात पालथा घाला. पुरचुंडीचं कापड वेगळं धुवा, साबणाच्या पाण्यात टाकलंत तर निंबूसत साबण फोडून पांढरी साय आणतं.